सेप्टिक टाक्या बंद करून गल्लीची ड्रेनेज लाईन टाकताना

चाळीस बंगल्यांची एक गल्ली. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा. नगरपालिकेची मोठी ड्रेनेज लाईन नाल्याकाठच्या रस्त्याने आली आणि गल्लीच्या खालच्या तोंडाशी तिचं एक चेंबर झालं. तिथपर्यंतची २४० मीटरची लाईन मात्र रहिवाशांनी मिळून टाकायची होती. ते काम कसं झालं, काय जमलं आणि काय पुन्हा उकरावं लागलं, ते तपशिलाने लिहितो आहोत. रस्त्यातलं खोदकाम मोठं दिसतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. खरं काम अवघड होतं ते कंपाउंडच्या आत, आणि फसतंही तिथेच.

टाक्या का सोडायच्या, हे आधी. आमच्याकडे वर दीड-दोन फूट काळी माती, खाली थोडा मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यात काळी माती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि शोषखड्ड्याचं शोषणं बंद होतं. पाषाण पाणी पीत नाही, त्याच्या सांध्यांतून जेवढं जाईल तेवढंच जातं. त्यामुळे जुलैत खड्डा तुडुंब, मागोमाग टाकी तुडुंब, आणि मग फ्लश ओढला की कमोडमध्ये पाणी वर चढतं. सांध्यांतून जे पाणी खाली जातं ते बोअरकडे जातं, ही त्याहून वाईट गोष्ट. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान १८ मीटर अंतर हवं असं भारतीय मानक सांगतं. १५ मीटर रुंदीच्या प्लॉटवर आपली बोअर सांभाळली तरी शेजाऱ्याची सांभाळली जात नाही.

तरीही प्रत्येक गावाने लाईन टाकावीच असं आम्ही म्हणणार नाही. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी घरोघरच्या टाक्या ठेवून त्या दर तीन वर्षांनी ठरलेल्या पाळीने उपसायची योजना राबवली आणि उपसलेल्या मैल्यासाठी शुद्धीकरण केंद्रं उभारली. घरं विरळ असतील, जमीन पाणी शोषणारी असेल, मोठी लाईन लांब असेल, तर तीच वाट शहाणपणाची. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

पहिला महिना एकही फावडं न मारता फक्त लेव्हल घेण्यात गेला, आणि तो महिना वाया गेला नाही. ऑटो लेव्हल (उंची-खोली मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून तीन गोष्टी मोजल्या: दर १० मीटरवर रस्त्याची पातळी, नगरपालिकेच्या चेंबरमधल्या पाईपच्या तळाची पातळी, आणि प्रत्येक घरात कमोडचा पाईप जमिनीखाली जिथे उतरतो तिथली त्याच्या तळाची पातळी. तिसरं माप कोणी घेत नाही. कंत्राटदार लाईनची सुरुवातीची खोली तीन फूट धरून मोकळा होतो. ती खोली गल्लीतलं सगळ्यात अडचणीचं घर ठरवतं, अंदाज नाही.

आमच्याकडे ते घर वरच्या टोकाला होतं. संडास मागच्या बाजूला, आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढल्यामुळे अंगण रस्त्याच्या २० सेंटिमीटर खाली. हिशोब असा झाला. अंगणाच्या पातळीपासून कमोडच्या पाईपचा तळ ४५ सेंटिमीटर खोल. तिथून फाटकापर्यंत १८ मीटर, ५० ला १ उताराने, म्हणजे ५० मीटरमागे १ मीटर उतरत, ३६ सेंटिमीटर. फाटकातल्या चेंबरपासून रस्त्यातल्या लाईनपर्यंत ४ मीटर, आणखी ८. घरचा पाईप मुख्य लाईनच्या वरच्या अंगाने मिळावा म्हणून १६. अंगणाचे २० धरून बेरीज १२५. म्हणजे वरच्या टोकाला लाईनचा तळ रस्त्यापासून सव्वा मीटर खोल हवा.

पुढे लाईनचा उतार. वरचे ६० मीटर ८० ला १, उरलेले १८० मीटर १०० ला १. एकूण उतार २.५५ मीटर. रस्ता स्वतः तेवढ्या अंतरात १.६० मीटर उतरतो. म्हणून खालच्या टोकाला लाईन २.२० मीटर खोल जाते. नगरपालिकेच्या पाईपचा तळ २.३० मीटरवर. हातात उरले १० सेंटिमीटर. त्या एका घरात ५० ऐवजी ४० ला १ उतार धरला असता तर ११ सेंटिमीटर जास्त लागले असते आणि आमची लाईन मोठ्या लाईनच्या तळाखाली गेली असती. हे कागदावर कळलं म्हणून निभावलं. खोदल्यावर कळलं असतं तर पंप बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पंप म्हणजे वीज, बिल, बिघाड आणि देखरेख कायमची मागे.

पाईप किती मोठा, यावर बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला. मोठा घातला की तुंबणार नाही असं बहुतेकांना वाटतं. हिशोब उलट सांगतो. ४० घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला: दिवसाला २१,६०० लिटर. सरासरी सेकंदाला पाव लिटर. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरा, पाऊण लिटर. १५० मिलिमीटरचा पाईप १०० ला १ उतारावर भरून वाहिला तर सेकंदाला सुमारे १५ लिटर वाहून नेतो. म्हणजे गर्दीच्या वेळीही पाईपच्या तळाशी पाण्याची एक पातळ पट्टी वाहते आणि तिचा वेग भरलेल्या पाईपच्या निम्माच असतो. घाण वाहून न्यायला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग हवा असं मानतात. २०० चा पाईप घातला तर तीच पट्टी आणखी पसरते, उथळ होते आणि घन मैला जागीच बसतो. म्हणून १५० च ठेवला आणि जिथे घरं सगळ्यात कमी त्या वरच्या टोकाला उतार वाढवला. तिथे सलग प्रवाह नसतोच, प्रत्येक फ्लशची लाट मैला पुढे ढकलते.

याच हिशोबातून पावसाच्या पाण्याचा निकाल लागतो. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला १.४ लिटर. एका गच्चीचं पाणी अख्ख्या गल्लीच्या सकाळच्या गर्दीच्या जवळपास दुप्पट. दहा घरांनी गच्चीचे पाईप लाईनला जोडले की १५० चा पाईप काठोकाठ भरला, आणि अकराव्याचं पाणी खालच्या घराच्या न्हाणीघरातून वर येणार. हा आकडा फळ्यावर लिहून दाखवला तेव्हा गच्चीचं पाणी वेगळं ठेवायला एकानेही हरकत घेतली नाही.

परवानग्यांचं फार काही नाही. नकाशा, रस्ता खोदाईची फी, परवानाधारक प्लंबरची सही, प्रत्येक घराची कर पावती. वर्गणीचा वाद मात्र आधीच मिटवावा. खालच्या घराला वाटतं की आपल्या वाट्याला जेमतेम १० मीटर लाईन येते, पैसे कशाला जास्त. पण वरच्या घरांचं पाणी आलं नाही तर खालची लाईन वाहती राहत नाही, आणि वरच्यांना लागणारी खोली खालच्यांच्या दारातूनच जाते. आम्ही रस्त्यातल्या कामाची वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवली आणि कंपाउंडच्या आतलं काम ज्याचं त्याने करायचं ठरवलं. पहिला निर्णय बरोबर होता. दुसरा चुकला, ते पुढे येईल.

खोदकाम खालच्या टोकाकडून सुरू करायचं आणि पाईपचं सॉकेट, म्हणजे पुढचा पाईप ज्यात बसतो ते रुंद टोक, चढाकडे तोंड करून ठेवायचं. चर ६० सेंटिमीटर रुंद. पाषाणात ब्रेकरने फोडलेला तळ कधीच सपाट येत नाही. पाईप एखाद्या टोकदार दगडावर टेकला की वरून गाडी गेल्यावर तिथेच चिरतो. म्हणून ठरल्यापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर जास्त खोदून तिथे बारीक कच किंवा क्रश सँडची गादी केली. काळ्या मातीच्या पट्ट्यात तळाची माती काढून मुरूम भरला, त्यावर कच. खोदलेला माल चराच्या काठावर ठेवू देऊ नये, आणि दीड मीटरच्या खाली आधार न लावता कोणालाही चरात उतरवू नये. मुकादम घाई करतो, माती घट्ट आहे म्हणतो. काळी माती घट्ट दिसते आणि कापल्यासारखी सरळ कोसळते.

पाण्याच्या नळाची लाईन हा दुसरा धोका. समांतर जायचं तर ३ मीटर लांब, आणि जिथे ओलांडायचं तिथे नळ वर, ड्रेनेज खाली, मध्ये निदान अर्धा मीटर. घरोघरचे अर्ध्या इंची जोड नकाशात नसतात. जेसीबीच्या बकेटला ते लागले की पाणी येण्याची वेळ नसल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही, आणि माती ढकलल्यावर फुटका नळ ड्रेनेजच्या शेजारी गाडला जातो. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथी अशाच सुरू होतात. प्रत्येक घरासमोरची जागा हाताने खोदायची, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

पाईप बसवताना गवंड्याची स्पिरिट लेव्हल उपयोगाची नाही. मीटरमागे एक सेंटिमीटर उतार बुडबुड्यावर नीट वाचता येत नाही. दर ३ मीटरला ऑटो लेव्हलने माप घेतलं आणि ते वहीत उतरवलं. दोन चेंबरांमध्ये ३० मीटर, म्हणजे तेवढ्यात फक्त ३० सेंटिमीटर उतार. मध्ये एका पाईपने २ सेंटिमीटर पोट काढलं तरी तिथे कायमचं डबकं राहतं आणि चरबी, केस, कागद सगळं तिथेच जमतं.

चेंबर एकूण दहा: दर ३० मीटरला एक आणि वळणावर एक. १.६५ मीटर खोलीपर्यंत ९० सेंटिमीटर व्यासाची, त्याखाली १२० ची. चेंबरच्या तळाशी पाईपच्या सरळ रेषेत अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंना नालीकडे उतरता कोबा. नाली केली नाही तर तळावर मैला पसरून वाळतो आणि वास तिथूनच येतो. झाकण रस्त्याच्या पातळीला, तसूभर वर चालेल, खाली अजिबात नको. खाली राहिलेलं झाकण पावसाळ्यात रस्त्याचं पाणी ओढून घेतं, आणि मग गच्च्या वेगळ्या ठेवून काय उपयोग?

माती ढकलण्याआधी तीन चाचण्या. एका चेंबरात बॅटरी, दुसऱ्यात आरसा: पाईपचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं पाहिजे, अंड्यासारखं दिसलं तर मध्ये वाकलंय. मग पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरातून सोडायचा, तो आपसूक खालच्या चेंबरात आला पाहिजे. आमच्याकडे सहाव्या टप्प्यात तो अडकला. सांध्यातून आत आलेली रबर रिंग दुमडली होती. शेवटी खालचं तोंड बंद करून पाणी भरायचं आणि अर्ध्या तासात पातळी उतरते का पाहायचं.

घराचा जोड मुख्य पाईपला छिन्नीने भोक पाडून घेऊ देऊ नये. असा पाईप आत घुसून राहतो, त्याला कपडा अडकतो, भोकाच्या कडेतून माती आणि मुळं शिरतात. लाईन टाकतानाच प्रत्येक घरासमोर ४५ अंशाचा वाय-जोड (इंग्रजी Y च्या आकाराचा जोड) बसवून त्याचं तोंड बूच लावून ठेवलं. वाय प्रवाहाच्या दिशेने झुकलेला हवा.

आता कंपाउंडच्या आत. जुन्या बंगल्यांचे सगळे मैलापाईप मागे टाकीकडे उतरतात. नवी लाईन पुढे रस्त्यात. म्हणजे पाईप टाकीच्या अलीकडे कापून, वळवून, बाजूच्या मोकळ्या पट्टीतून पुढे आणायचा. त्याच पट्टीत पाण्याची जमिनीतली टाकी, बोअरची केबल आणि एखादं नारळाचं झाड. ज्याने त्याने आपापला प्लंबर आणला आणि इथे आमचा दुसरा निर्णय अंगाशी आला. काहींनी मागे न खोदता सेप्टिक टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाईपलाच पुढे ओढून लाईनला जोडलं. दिसायला काम झालं. पण टाकी मध्येच राहिली. ती पूर्वीसारखीच भरत राहते, उपसायचं विसरलं की तिचा गाळ लाईनीत येतो, आणि तिच्यातल्या शिळ्या पाण्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास सगळ्या गल्लीच्या चेंबरांतून सुटतो. टाक्या ठेवून फक्त निवळ बारीक पाईपने नेण्याची पद्धत आहे, पण तिथे सगळ्या टाक्या ठेवतात आणि नियमित उपसतात. निम्म्या ठेवायच्या आणि निम्म्या काढायच्या, हे चालत नाही. त्या घरांना पुन्हा खोदावं लागलं. कंपाउंडमधलं कामही एकाच प्लंबरकडे, एकाच देखरेखीखाली द्यावं, हे आम्ही आता ठामपणे सांगू.

आतल्या कामाची रीत अशी: ११० मिलिमीटरचा पाईप, प्रत्येक वळणावर चेंबर, उतार पाण्याच्या नळीने मोजायचा. १८ मीटरमध्ये पारदर्शक नळी ऑटो लेव्हलइतकीच खरं बोलते. स्वयंपाकघराचं पाणी आधी चरबी अडवणाऱ्या छोट्या चेंबरात आणि मग गली ट्रॅपमधून, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातून, लाईनला. पूर्वी हे पाणी उघड्या गटारात जायचं, त्यामुळे खरकट्या तेलाचं काय होतं ते कोणाला दिसत नव्हतं. थंडीत ते पाईपला मेणासारखं चिकटतं. गली ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. गावाला गेल्यावर बंद न्हाणीघरातलं हे पाणी आटतं आणि घरात वास येतो. महिन्याला एक तांब्या पाणी ओतलं की भागतं. ज्या घरातला एखादा ट्रॅप रस्त्यातल्या लाईनवर चढाकडे लगेच येणाऱ्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली आहे, तिथे फाटकातल्या चेंबरात उलटं पाणी अडवणारी झडप हवीच, कारण लाईन तुंबली की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं.

जोडणीचा दिवस आला की सकाळी लवकर प्लंबर बोलवावा आणि दुपारपर्यंत घरात पाणी वापरू नये. जुना पाईप कापला, नवा कोपरा बसला, चेंबरात बादलीभर पाणी ओतून रस्त्यातल्या चेंबरात येतं का पाहिलं, की झालं. खालच्या घरापासून वर जोडत जावं.

मग उरते जुनी टाकी. इथे जीव जातात, म्हणून सावकाश. टाकीतला गाळ नव्या लाईनीत सोडायचा नाही. तो मैला उपसणाऱ्या गाडीने न्यायचा. वर्षानुवर्षं न उपसलेल्या टाकीच्या तळाशी गाळ ढेपेसारखा बसलेला असतो आणि गाडीची नळी फक्त वरचं पाणी ओढते. तेव्हा कोणीतरी म्हणतं, एक माणूस आत उतरवा, पाच मिनिटांचं काम आहे. अजिबात नाही. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच थांबतं, आणि माणूस शिडीवरच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने असं उतरवायला बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरून जोराच्या पाण्याने गाळ ढवळायचा, पातळ करायचा आणि पुन्हा ओढायचा. दोन फेऱ्या लागल्या तर दोन फेऱ्यांचे पैसे द्यायचे.

रिकामी टाकी तशीच ठेवू नये. झाकणाची फरशी फोडायची, तळाला ब्रेकरने चार-पाच भोकं पाडायची, हेही वरूनच. भोकं नसली तर पावसाचं पाणी आत साठून राहतं. मग चुना टाकून, मुरूम एका वेळी वीतभर भरायचा, पाणी मारायचं, धुमसायचं, पुढचा थर. एकदम भरली की दोन पावसाळ्यांत त्या जागी खड्डा पडतो आणि त्यावरची फरशी बसते. टाकी पाणी साठवायला वापरू का, शोषखड्ड्यातून बोअरचं पुनर्भरण करू का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. दोन्हींना आमचं उत्तर नाही. त्या भिंतींनी आणि त्या दगडांनी वर्षानुवर्षं मैलापाणी प्यायलेलं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत लाईन तीनदा तुंबली. दोनदा चेंबरात राहिलेल्या सिमेंटच्या ढेकळांमुळे, एकदा कोणीतरी फ्लश केलेल्या सॅनिटरी पॅडमुळे. तिन्ही वेळा वरून तुंबा काढायची पट्टी आणि जेटिंग मशीन (जोराचं पाणी मारणारं यंत्र) यांनी निघालं. चेंबर बांधून झाल्यावर तळाला पोतं अंथरून ठेवलं असतं तर ढेकळं पोत्यासकट उचलता आली असती.

पहिला मोठा पाऊस जूनच्या अखेरीस दुपारी झाला. पाऊस थांबण्याआधीच सगळ्यात खालचं झाकण उघडून पाहिलं. नालीत मैल्याची पट्टी नव्हती, अर्धा पाईप स्वच्छ पाणी वाहत होतं. वर एकेक झाकण उघडत गेलो. चौथ्या चेंबरापर्यंत तसंच, पाचव्यात पट्टी पुन्हा बारीक. म्हणजे चौथ्या आणि पाचव्याच्या मधलीच घरं. दुसऱ्या दिवशी त्या घरांच्या गच्चीवरच्या पन्हाळीत एकेक करून पोटॅशियम परमँगनेटचं बादलीभर जांभळं पाणी ओतलं आणि चौथ्या चेंबराशी एक जण उभा राहिला. दोन घरांचं पाणी जांभळं आलं. दोघांनाही खरंच माहीत नव्हतं: गच्चीचा पाईप न्हाणीघराच्या पाईपला भिंतीच्या आत घर बांधतानाच जोडलेला होता. त्याच आठवड्यात दोन्ही पाईप वेगळे करून बाहेरच्या पावसाळी गटारात सोडले.